पुसून टाकलेले सहा फोटो

दादा,

परवाच्या शनिवारी दवाखान्याच्या यादीत तुझं नाव आलं. सहा महिन्यांपूर्वी पुढची तारीख मीच टाकून ठेवली होती. काउंटरवरची मुलगी नवीन आहे, तिला काही माहीत नाही. तिने तुझं नाव दोनदा पुकारलं, आणि बाकावरचे पेशंट एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी आतूनच ओरडले, "पुढचं घे गं, ते नाही येणार." मग पुढच्या बाईंची हनुवटी मशीनवर टेकवली, कपाळ पट्टीला लावून घेतलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "समोर हिरवा दिवा दिसतोय का?" त्यांना दिसत होता. फोटो छान आला.

तू जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते. मी अजून रडलेले नाही. सकाळी अंघोळीचं पाणी काढायला चुलीपाशी बसलास तो तसाच कलंडलास, पेणला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे फोनवर कळलं तेव्हा मी अलिबागच्या बाजारात होते, हातात मुळ्याची जुडी होती. ती मी पिशवीत नीट घातली, सुटे घेतले आणि एसटी स्टँडकडे गेले. एसटीत पूर्ण वेळ माझं लक्ष त्या मुळ्यांकडे होतं, पाला पिशवीबाहेर येतोय म्हणून. लोक म्हणतात, बाय धक्क्यात आहे. मला तसं काही वाटत नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं आहे सगळं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही मागे सरतोय तोच आला. भटजी म्हणाले, "समाधानी माणूस होता." सगळ्यांना बरं वाटलं, काकांनी तर हात जोडले. मला बरं वाटलं नाही. तुझं काहीच राहिलं नव्हतं, असं कसं? माझं राहिलंय. ते सांगायला हे लिहितेय, आणि नेहमीसारखं मधेच तोडू नकोस.

डोळ्यांचे फोटो काढायच्या या कामाला मी लागले ती तुझ्यामुळे. बारावी झाल्यावर बाबा माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि तू जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणालास, "तिला शिकू दे. दोन वरसांनी नवरे काय संपनार हायत?" आई हसली आणि बाबांना पुढे काही बोलता आलं नाही. तेव्हा तू नुकता न्हावा शेव्याला क्रेनवर लागला होतास. कंटेनर कसा उचलतात ते मला दाखवायला तू जेवणाचे डबे एकावर एक रचलेस, वरून पाची बोटं खाली केलीस, चार कोपऱ्यांना चार बोटं लावून सगळ्यात वरचा डबा उचललास, आणि त्यातलं सुकटीचं कालवण आईच्या पातळावर सांडलंस. "पोर्टात असं होत न्हाय," म्हणालास. आईने तुला लाटणं फेकून मारलं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी, शिमग्यानंतर, तू अलिबागला आलास. डोळे लाल नव्हते, दुखतही नव्हते. "बाय, माझे डोळे बघ गं जरा. खाली कंटेनरचे कोपरे न्हाय दिसत नीट." तुझी केबिन चार-पाच मजले उंच. पायाखाली काच, आणि दोन गुडघ्यांमधून खाली बघत लोखंडी चौकट कंटेनरच्या चार कोपऱ्यांवर बसवायची. कोपरा दिसला नाही तर खाली माणूस असतो. म्हणून तू स्वतःच सुपरवायझरला सांगून खाली उतरला होतास, कोणी सांगायची वाट बघितली नव्हतीस. याचं मला अजून कौतुक वाटतं.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि तुझ्या उजव्या डोळ्याचा फोटो काढला. निरोगी डोळ्याच्या पडद्याचा फोटो नारिंगी येतो, त्यात लाल रेघा आणि एका बाजूला फिकट गोल. तुझा फोटो कितीही वेळा काढला तरी मला त्यात काहीच धड दिसेना, भाताच्या पेजेतून बघावं तसं. मग पडद्याचा आडवा स्कॅन काढला. मधोमध जिथे खळगा असायला हवा तिथे पुरीसारखा फुगवटा होता. आमच्याकडे पडद्याचे डॉक्टर मुंबईहून पंधरा दिवसांनी एकदा येतात. त्यांनी त्याच शनिवारी तुला तपासलं आणि समजावलं, की तुझ्या शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा चुकून तुझ्याच डोळ्यावर उठली आहे, आत सूज आहे. औषध आहे, पण बरेच महिने घ्यावं लागेल.

त्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनी तुझा चेहरा असा गोल झाला की माझ्या मुलीने तुला मोदकमामा नाव ठेवलं. तू म्हणालास, "चला, आता तरी मी खात्यापित्या घरचा दिसतो." भूक दुप्पट झाली, झोप गेली, आणि जन्मात आवाज न चढवणारा तू एकदा रिक्षावाल्यावर ओरडलास. वहिनी तुझ्या ताटाशेजारी रोज गोळ्या काढून ठेवायची, कारण पाकिटावरची अक्षरं तुला वाचता यायची नाहीत.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. तो दिवस मला सगळाच आठवतो. पडदा स्वच्छ नारिंगी, रेघा टोकापर्यंत दिसत होत्या. स्कॅनमध्ये फुगवटा गेला होता, मधोमध छान खळगा होता. मी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले आणि तुला खुर्चीसकट स्क्रीनकडे ओढलं.

"हा खड्डा चांगला?" तू विचारलंस.

"दादा, इथे खड्डाच पाहिजे."

"आपल्या रस्त्यावानी."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू ते दोन्ही फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवलेस, "आधी" आणि "नंतर" असं लिहून, आणि खाली "माझ्या बहिणीची कमाल". औषध डॉक्टरांचं, गोळ्या वहिनीने दिलेल्या, आणि कमाल माझी. तुझ्या पोर्टातल्या लोकांचे मला अंगठे आले.

डॉक्टर म्हणाले होते, पुढचा फोटोही असाच स्वच्छ आला तर गोळ्या निम्म्या करू, आणि मग केबिनमध्ये चढायचं पत्र देऊ. तोवर तुला गेटवर गाड्यांचे पास तपासायला बसवलं होतं. तू तक्रार केली नाहीस, पण घरी आलास की दोन गुडघ्यांमधून जमिनीकडे बघत बसायचास. वहिनी सांगायची. मला ते पत्र तुझ्याइतकंच हवं होतं.

आता तो श्रावणातला शनिवार. समुद्र खवळलेला, वाऱ्यामुळे मुंबईहून येणारी रो-रो बोट रद्द, डॉक्टर मुंबईतच अडकले. त्यांनी फोन करून सांगितलं, "पेशंटना परत पाठवू नका. तुम्ही फोटो पाठवा, मी बघून सांगतो." तू भिजून आलास, छत्रीची एक काडी तुटलेली. खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "बाय, दोन-चार दिस झाले, धूर दिसतो. चुलीफुडं बसल्यावानी."

मी म्हणाले, "बाहेर बघ किती अंधारून आलंय. सगळ्यांनाच धूर दिसतोय."

पहिला फोटो काढला तो धुरकट आला. मी कॅमेऱ्याची काच पुसली. दुसरा धुरकट. थेंब कमी पडले असतील म्हणून आणखी घातले, पंधरा मिनिटं थांबले. तिसरा, चौथा तसेच. मला घाम फुटला, रागही आला. कशाचा राग, तर माझ्या फोटोंचं नाव होतं ना! मुंबईचे डॉक्टर म्हणायचे, अलिबागहून येतात तितके स्वच्छ फोटो कुठून येत नाहीत. पाचवा. सहावा. मग मी आमच्या कामातली एक युक्ती केली. तुला सांगितलं, "डोळे पटापट डावीकडे-उजवीकडे फिरव, दोनदा, आणि लगेच समोर बघ." डोळ्यातल्या पाण्यात काही तरंगत असलं तर ते त्या झटक्याने क्षणभर बाजूला होतं. तेवढ्यात मी बटण दाबलं. सातवा फोटो आरशासारखा आला. स्कॅनचंही तेच, धडपड करून एक बरा मिळवला.

पहिले सहा मी पुसून टाकले. नेहमीच पुसते, म्हणजे पुसायचे. बिघडलेला फोटो डॉक्टरांना कशाला पाठवायचा?

शुगरच्या पेशंटांचे फोटो काढत मी हे काम शिकले, दादा. तिथे धुरकट म्हणजे बिघडलेला, पुन्हा काढायचा. तुझ्या आजारात तो धूरच आजार होता. तो तुझ्या डोळ्यात होता आणि मी तो काचेवर शोधत बसले. तू तोंडाने सांगत होतास आणि मी तुला हवामान शिकवलं.

मी स्क्रीन तुझ्याकडे वळवून म्हणाले, "हे बघ, कसलं धुकं नि कसलं काय."

तू बराच वेळ बघितलंस. "तुझा फोटो माझ्यापरीस जास्ती बघतो काय?"

"हो. म्हणून तर काढायचा."

"पन मला दिसतोय त्याचं काय?"

"तुला वहम आहे. केबिनमध्ये चढायचं आलं जवळ, म्हणून घाबरलास."

हे मी बोलले. तुला, जो स्वतःहून खाली उतरला होता. तू म्हणालास, "बरं. तू म्हंतेस तर असंल तसं." आपलं भांडण तिथेच राहिलं. मी जिंकले असं मला वाटलं होतं.

डॉक्टरांनी फोटो बघून फोनवर सांगितलं, गोळ्या निम्म्या करा. पुढच्या वेळी पत्रावर सही करतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ज्या क्रमाने कळलं तो तुला माहीत नाही. चार-पाच दिवसांनी वहिनीची आई पडवीत घसरून पडली आणि वहिनी घाईने माहेरी गेली. त्यात चार दिवस तुझ्या गोळ्या चुकल्या. आणखी आठवड्याभराने तू आलास तेव्हा उजव्या डोळ्याने तुला माझी बोटं मोजता येत नव्हती. या वेळी डॉक्टर होते. त्यांनी आत बघितलं, मशीनवरचा माझा सातवा फोटो बघितला आणि विचारलं, "तेव्हा तर एकदम स्वच्छ होतं. मधे गोळ्या चुकवल्या का?"

तू म्हणालास, "व्हय साहेब. चार दिस मीच न्हाय घेतल्या. बरं वाटत हुतं, म्हनून."

डॉक्टर तुझ्यावर चिडले नाहीत. माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "या आजारात फोटो धुरकट आला तर तोच ठेवायचा. धूर किती आहे त्यावरूनच औषध ठरतं." सहज सांगितलं त्यांनी, शिकवतात तसं. मला ते पुसलेले सहा फोटो आठवले. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी उघडलं, आणि तुझ्यावर ओरडले. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ऐकू जाईल असं. "लहान आहेस का तू? चार दिवस गोळ्या घेता येत नाहीत? इतके महिने आम्ही मरमर करतोय ती कोणासाठी?" तू मान खाली घालून ऐकत राहिलास. मग म्हणालास, "चुकलं माजं, बाय."

ते ऐकून मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं.

सूज पुन्हा उतरली, पण मधल्या खळग्याच्या जागी व्रण राहिला. शेवटचा फोटो अगदी स्वच्छ आहे. पांढरा व्रण त्यात इतका नीट दिसतो की शिकाऊ माणसाला दाखवायला उपयोगी पडेल. एका डोळ्यावर केबिन मिळत नाही. तू गेटवरच राहिलास. दोन वर्षं सणासुदीला आपण भेटलो, मी तुझे फोटो काढत राहिले, तू हनुवटी टेकवत राहिलास. प्रत्येक वेळी वाटायचं आज सांगू, आणि प्रत्येक वेळी तूच काहीतरी विनोद करून सगळं सोपं करायचास. मला वाटायचं, त्याला स्वतःची चूक पटली आहे, आता कशाला ढवळायचं. याहून सोयीचा विचार मला आयुष्यात सुचलेला नाही.

बाराव्याच्या आदल्या दिवशी वहिनी मला परसात घेऊन गेली. तू गेल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती. म्हणाली, "बाय, तुला येक सांगायचंय. त्या गोळ्या त्यांनी न्हाय चुकवल्या. पाकीट सपलं हुतं. मी फोनवर म्हनले, येताना पेनवरनं मी आनते, तुमी नका जाऊ पावसात. आनि मी चार दिस अडकले, इसरून गेले. त्यांनी दागतरला आपलं नाव सांगितलं. मला घरी म्हनाले, कुनाला बोलू नको. तू त्यांना बोललीस ते पन मला कळलं हुतं. दोन वरसं मी झोपताना रोज तोच डोळा बघते."

मी काय करावं, दादा? तिथेच सांगावं की नाही? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे आता." मग आत जाऊन पानं पुसायला बसले. बाराव्याला शंभरेक माणूस जेवलं, मी वाढत होते.

तुझं नाव पुकारलं गेलं तो शनिवार त्यानंतरचा. संध्याकाळी पेशंट संपल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, तारखेसकट, सहा फोटोंसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मी विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?" ते म्हणाले, "त्या दिवशी औषध वाढवलं असतं, कमी केलं नसतं. डोळा राहिला असता असं वाटतं. सूज गोळ्या चुकायच्या आधीच परत आली होती." मग त्यांनी बॅग भरली आणि बोटीला निघून गेले. मी मशीनवर कापड घातलं.

काल रविवारी गावी गेले. वहिनी ओटीवर बिरडं सोलत बसली होती, मोड आलेले वाल पाण्यात घालून. मी समोर बसले आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. धूर, सहा फोटो, सातवा. "गोळ्या चुकायच्या आधीचं आहे हे," मी तिला म्हणाले, "तुझा काही दोष नाही." ती सोलायची थांबली नाही. एकेक वाल चिमटीत दाबत होती, साल इकडे, दाणा तिकडे.

मग म्हणाली, "त्यांना ठावूक हुतं हे?"

"नाही."

"म्हंजे माज्यामुळंच डोळा गेला असं समजून ते गेले."

खाली सांडलेली सालं मी वेचायला लागले.

"आनि दोन वरसं येकदा सुदिक म्हनाले न्हायत. जेवताना न्हाय, भांडताना न्हाय. भांडलो की आमी, दादल्या-बायकोनं भांडावं तसं. पन ते न्हाय काढलं कवा." तिने ओला हात पदराला पुसला. तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी सरळ घेतलं, मान वळवली नाही. "तू आता जा, बाय. मला आज तुझ्याशी बोलवत न्हाय."

मी उठले. खाली उतरून चपला घालत होते तेव्हा ती मागून बोलली, मोठ्याने नाही.

"तू त्यांना सांगितलं असतंस ना, तर तुझ्यासाठी पन त्यांनी हेच केलं असतं."

नाक्यापर्यंत चालत आले. एक रिक्षा थांबली, ती मी जाऊ दिली. दादा, तुझा डोळा माझ्या हातून गेला. आणि हे ऐकून तू काय म्हणाला असतास, ते तुझ्या बायकोला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही, कारण मी तुला विचारलंच नाही.